हवाईचा आवा ओळखताना

नवीन आहात, म्हणून आधी एकच सांगतो: पानांवरून जात ठरवू नका. कावा म्हणजे पॅसिफिक बेटांवरचं, मुळांपासून पेय करतात ते झुडूप. हवाईत त्याला आवा म्हणतात आणि तिथल्या जाती खोडावरूनच ओळखायच्या. पेरांमधलं अंतर, खोडाचा रंग, त्यावरचे ठिपके नीट बघा. हिवा या जातीचं खोड काळपट-जांभळं, पेरं लांब. देवाला अर्पण करायला हीच मानाची. मोई ही जात पूर्वी सरदारांसाठी राखलेली असायची. 'पापा' जाती बुटक्या, पेरं आखूड. त्यात एलेएले म्हणजे काळी, केआ म्हणजे पांढरट. नावातच अर्धी ओळख मिळते!

काही नावं मात्र गावाची किंवा खोऱ्याची आहेत: हानाकापिआई काउआई बेटावरची, मापुलेहू मोलोकाई बेटावरची. त्यांतून रूप कळत नाही, त्यामुळे रोप प्रत्यक्ष पाहावंच लागतं. तेही जून खोड, कारण कोवळ्या फांदीचा रंग फसवतो. सावलीतलं रोपही तसंच.

आवाला बी धरत नाही, सगळी लागवड फाट्यांवरून, म्हणजे खोडाच्या तुकड्यांवरून. म्हणून फाटा घेतानाच मूळ झाड कुठलं ते विचारा आणि कुंडीवर नाव लिहून ठेवा. हवाईत पापुआ न्यू गिनीची 'इसा' ही कावाची जातही लावलेली आढळते. ती हवाईची जात नव्हे, पिण्यासाठी तर मुळीच घेऊ नका.