भुसावळच्या उन्हात सेकंड-हॅंड निन्जा ६५० घरच्या घरी सांभाळता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळला राहता, सेकंड-हॅंड निन्जा ६५० (कावासाकीची मोटरसायकल) घेतलीय, अधिकृत सर्व्हिस सेंटर जवळपास नाही. मे महिन्यात गावातून चालवली की टेंपरेचर चढतं, फॅन थांबत नाही आणि गरम हवा पायावर येते. इंजिनात दोष आहे का, आणि घरी काय काय करता येईल?

मी धुळ्याचा, माझ्याकडेही हीच गाडी आहे. आधी घाबरणं सोडा. बाहेर ४५ अंश असताना जळगावच्या अजिंठा चौफुलीवर ट्रकच्या मागे उभे राहिलात, तर कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान शंभरच्या वर जाणारच. गाडी उभी असली की रेडिएटरला वाऱ्याचा आधार नसतो, सगळा भार पंख्यावर. आणि कूलंट दाबाखाली असतं, त्यामुळे शंभरला उकळत नाही. टपरीवर कोणी "गाडी तपी गयी" म्हणालं म्हणून इंजिन खोलायला देऊ नका. पारख सोपी आहे: बायपासला लागून साठ-सत्तरने चालवा. आकडा खाली आला तर इंजिन बरंय. मोकळ्या रस्त्यावरही उतरत नसेल तर मात्र शोध घ्या.

तो शोध रेडिएटरपासून सुरू करा. आपल्याकडे पावसाळ्यात पुढच्या चाकाने उडालेली काळी माती जाळीत बसते आणि दिवाळीनंतर उन्हात दगडासारखी वाळते. त्यावर कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून उडणारा कापूस, त्यावर किडे. समोरून पाहिलं तर जाळी ठीक दिसते, मागून टॉर्च मारली की कळतं, निम्मी बंद आहे. खालचं फेअरिंग (प्लास्टिकचं आवरण) उतरवा आणि साध्या पाइपने, कमी धारेने, इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या चाकाकडे पाणी सोडा. माती भिजू द्या, दहा मिनिटांनी पुन्हा पाणी मारा. आधी गढूळ पाणी येतं, मग कापसाचे ओले पुंजके गळायला लागतात. वॉशिंग सेंटरवाल्याच्या प्रेशर गनला इथे अजिबात हात लावू देऊ नका. जाळीच्या पात्या इतक्या नाजूक असतात की एका फटक्यात आडव्या होतात, मग हवा कायमची अडते.

त्यानंतर रेडिएटरचं झाकण. हे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते जुन्या गाडीतले निम्मे घोळ इथेच असतात. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना उघडा. गरम असताना उघडलंत तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येईल. आत गळ्यापर्यंत कूलंट दिसलं पाहिजे. रेडिएटर अर्धा रिकामा आणि बाजूची रिझर्व्ह टाकी मात्र भरलेली, असं दिसलं तर झाकणाचं रबर गेलं समजा. गरम झाल्यावर कूलंट टाकीत जातं, पण थंड झाल्यावर परत ओढलं जात नाही. रबर कडक झालंय का, चिरलंय का, नखाने दाबून बघा. झाकण बदलणं स्वस्त काम आहे.

बाटलीवर ॲल्युमिनियम इंजिनासाठी चालतं असं लिहिलेलंच कूलंट घ्या. तयार मिश्रण नसेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नको, आपल्याकडचं पाणी जड, आत क्षार धरतो. भरल्यावर झाकण उघडं ठेवून इंजिन थोडा वेळ चालू ठेवा, होज पाइप हाताने दाबा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत थोडं थोडं टाकत राहा. आधीच्या मालकाने कुठेतरी कूलंट बदलून घेतलं आणि हवा काढलीच नाही, असंही असू शकतं. अडकलेल्या हवेनेही टेंपरेचर चढतं.

फॅन कधीच फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग कनेक्टर बघा. तुमचा फिरतोय, म्हणजे ती चिंता नाही.

चेनचं. इथल्या फुफाट्यात चेनवर जाड ग्रीस थापणं म्हणजे तिला पॉलिश पेपर लावणं. रॉकेलच्या फडक्याने आणि मऊ ब्रशने साफ करा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, कड्यांमधले रबरी ओ-रिंग जातात. कोरडी झाली की चेन स्प्रेचा किंवा ९० नंबरच्या गिअर ऑइलचा हलका हात, जास्तीचं पुसून टाका. चेन ढिली किती हवी ते मॅन्युअलमध्ये आहे. चाक फिरवत जिथे ती सगळ्यात ताठ लागते तिथेच मोजा. आपले फिटर चेन ताठ करून देण्यात धन्यता मानतात, पण ताठ चेन स्प्रॉकेटबरोबर (चेनच्या दातेरी चाकाबरोबर) बेअरिंगही खाते. या गाडीला मधलं स्टँड नाही, म्हणून मागचं चाक उचलून धरणारं पॅडॉक स्टँड आधी विकत घ्या, बाकी हौस नंतर.

ऑइल घरी बदलता येतं. १०डब्ल्यू-४० (ऑइलच्या जाडपणाचा नंबर), डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ओल्या क्लचच्या मोटरसायकलसाठीचा शिक्का) पाहिजे. कारचं ऑइल स्वस्त पडतं म्हणून टाकू नका, क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, घसरायला लागतो. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा, आणि लांब पान्याने जोर काढू नका. तिथले आटे गेले तर खर्च ऑइलच्या कितीतरी पट. ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना उसना मिळाला तरी चालेल.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इथल्या उन्हात रबर कडक होतं. हवा सकाळी थंड टायरमध्ये, पुढे ३२, मागे ३६. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायचा सल्ला पंक्चरवाला देईल, ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त दुमडतो आणि जास्त तापतो.

दोन कामं मात्र घरी किंवा गल्लीतल्या गॅरेजला नकोत: व्हाल्व्ह क्लिअरन्स (इंजिनाच्या व्हाल्व्हमधली बारीक फट) आणि एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीचं ब्रेक ऑइल. व्हाल्व्हला मोजून शिम (पातळ चकत्या) बसवायच्या असतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग लवकर उकळतं. कन्नड घाट किंवा तोरणमाळ उतरताना लिव्हर मऊ लागली तर तेच कारण असू शकतं. दोन वर्षांत बदललं नसेल, आणि सेकंड-हॅंड गाडीत याची खात्री कोण देणार, तर ही दोन्ही कामं एकाच फेरीत सर्व्हिस सेंटरला करून घ्या. पावसाआधी जा, आणि निघायच्या आधी फोन करून शिम आणि गॅस्केट शिल्लक आहेत का ते विचारा, नाहीतर गाडी तिथे ठेवून एसटीने परत यावं लागेल.