वाचकांचे प्रश्न : जीनोम संस्था चालते कुणाच्या पैशावर?

प्रश्न : अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट या जीनोम (सजीवाचा संपूर्ण डीएनए) संशोधन संस्थेला कुणी हार्वर्डची म्हणतं, कुणी एमआयटीची, तर कुणी स्वतंत्र संस्था. खरं काय? आणि एका देणगीदाराच्या जोरावर एवढा व्याप चालतो का? (प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : संस्थेची घोषणा २००३ मध्ये झाली. एली आणि एडिथ ब्रॉड या दांपत्याने १० कोटी डॉलर देऊ केले, ते एकदम नव्हे, दहा वर्षांत. भागीदार होते एमआयटी, हार्वर्ड व त्याच्याशी संलग्न रुग्णालयं आणि व्हाइटहेड इन्स्टिट्यूट ही जैववैद्यकीय संशोधन संस्था. सुरुवातीला प्रशासन एमआयटीकडे होतं. २००५ मध्ये ब्रॉड दांपत्याने आणखी १० कोटी दिले आणि २००८ मध्ये कायम निधीसाठी ४० कोटी. त्यानंतर २००९ मध्ये ती वेगळी ना-नफा संस्था झाली. क्रम बघा : आधी विद्यापीठाच्या छत्राखाली काम, मग कायम निधी, मग स्वातंत्र्य. आपल्याकडे बहुतेक वेळा आधी पाटी लागते.

मात्र ४० कोटींचा कायम निधी म्हणजे खर्चायला ४० कोटी नव्हेत. मुद्दल शाबूत ठेवायचं तर वर्षाला साडेचार-पाच टक्केच काढता येतात, म्हणजे १.८ ते २ कोटी डॉलर. शेकडो माणसं आणि अखंड चालणारी सीक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणारी) यंत्रं असलेल्या संस्थेला हे पुरणारं नाही. रोजच्या कामाचा मोठा भाग एनआयएच (अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था) सारख्या सरकारी यंत्रणांच्या अनुदानांवर आणि कंत्राटांवर चालतो. ती मिळायचं कारणही जुनं आहे. व्हाइटहेड-एमआयटीचं जीनोम केंद्र माणसाचा संपूर्ण डीएनए वाचणाऱ्या मानवी जीनोम प्रकल्पातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक होतं. तिथली माणसं, यंत्रं आणि कामाची घडी तयार होती. देणगी आली ती चालत्या गाड्याला.

दुसरी गोष्ट म्हणजे देणगीवरचं बंधन. २०१४ मध्ये देणगीदार टेड स्टॅन्ली यांनी ६५ कोटी डॉलर जाहीर केले, ते मानसिक आजारांवरच्या संशोधनासाठी. अशा पैशातून कर्करोग विभागाचा फ्रीझर घेता येत नाही. संस्थाचालकांना खरी किंमत असते ती बिनअटीच्या पैशाची. अनुदान संपून दुसरं मिळेपर्यंतच्या सहा-आठ महिन्यांत तंत्रज्ञांचे पगार त्यातूनच निघतात. तो पैसा नसेल तर प्रशिक्षित माणसं निघून जातात आणि पुढचं अनुदान येतं तेव्हा यंत्र चालवायला कुणी नसतं.

प्रश्न : अमेरिकी अनुदानात ‘ओव्हरहेड’ (संस्थेच्या वीज-इमारतीसारख्या अप्रत्यक्ष खर्चाचा वाटा) ५०-६० टक्के असतो असं ऐकलं. म्हणजे निम्मा पैसा विद्यापीठच खातं?

उत्तर : नाही. हिशोब करून पाहू. समजा थेट खर्च ५ लाख डॉलर आहे. त्यात १ लाख २० हजारांचं यंत्र आणि एका भागीदाराला १ लाखाचं उप-अनुदान (अनुदानातून पुढे दिलेला हिस्सा). ओव्हरहेडचा दर यंत्रावर लागत नाही. उप-अनुदानाच्या फक्त पहिल्या ५० हजारांवर लागतो (२०२४ पूर्वी ही मर्यादा २५ हजार होती). म्हणून पाया उरतो ३ लाख ३० हजार. दर ५५ टक्के धरला तर ओव्हरहेड १ लाख ८१ हजार ५०० आणि एकूण अनुदान ६ लाख ८१ हजार ५००. म्हणजे एकूण रकमेच्या सुमारे २७ टक्के. हा पैसा शास्त्रज्ञाच्या वाट्यातून कापला जात नाही, वरून मिळतो, आणि वीज, इमारत, सर्व्हर-खोलीचं वातानुकूलन, हिशेबनीस यांवर जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने हा दर सरसकट १५ टक्के करायचं जाहीर केलं तेव्हा विद्यापीठं न्यायालयात गेली आणि निर्णय अडवला गेला. वरच्या उदाहरणात त्यामुळे १ लाख ८१ हजाराचे ४९ हजार ५०० झाले असते.

भारतातल्या भागीदारांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परदेशी संस्थेला एनआयएचकडून ओव्हरहेड फक्त ८ टक्के मिळतो. आणि मे २०२५ मध्ये एनआयएचने अमेरिकी संस्थेच्या अनुदानातून परदेशी भागीदाराला उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवून नवी रचना आणायचं ठरवलं. जुन्या अर्जाची नक्कल करून बजेट मांडू नका.

प्रश्न : एक कंपनी आमच्या विभागाला सीक्वेन्सर जवळपास फुकट देतेय. घ्यावा का?

उत्तर : घ्या, पण आधी यंत्राच्या किमतीकडे न बघता पाच वर्षांच्या खर्चाकडे बघा. बहुतेक सीक्वेन्सर त्याच कंपनीच्या फ्लो सेल (ज्यावर डीएनए वाचला जातो ती काचपट्टी) आणि रिएजंटवर (रसायनांवर) चालतात. यंत्र स्वस्त, रसायन महाग, असा हा धंदा आहे (प्रिंटर आणि शाईसारखाच). वॉरंटी संपली की वार्षिक देखभाल करार ढोबळमानाने किमतीच्या १० टक्क्यांच्या घरात जातो, आणि तो मूळ किमतीवर मोजतात, तुम्हाला मिळालेल्या सवलतीच्या किमतीवर नव्हे. रिएजंट उणे २० अंशांवर ठेवायचे असतात. कस्टम्समध्ये पेटी चार दिवस अडकली आणि कोरडा बर्फ उडाला की लाखोंचा माल वाया. यूपीएस नसेल तर रन (वाचनाची फेरी) मध्येच तुटतो आणि फ्लो सेल पुन्हा वापरता येत नाही.

साठवणुकीचा खर्च तर अर्जात बहुधा लिहिलेलाच नसतो. एका माणसाचा जीनोम ३० पट खोलीने (प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा) वाचला तर कच्च्या फाइली १०० जीबीच्या आसपास जातात. हजार नमुन्यांचे झाले १०० टीबी, दुसरी प्रत ठेवायची तर २००. कच्च्या फाइली क्रॅम या दाबून लहान केलेल्या स्वरूपात आणल्या की आकार बराच घटतो, पण ते कोण करणार, त्याचं नाव आणि पगार बजेटमध्ये हवा.

करारात ही कलमं वाचा : कंपनीला कच्चा डेटा मिळणार की फक्त निष्कर्ष? शोधनिबंध छापण्याआधी त्यांना तपासायला किती दिवस? ३० ते ६० ठीक, ‘संमतीशिवाय प्रकाशन नाही’ असं असेल तर सही करू नका. रिएजंटची किमान खरेदी बंधनकारक आहे का? कंपनीकडून पैसा घेण्याचे दुसरेही मार्ग आहेत. सांता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा जीनोम ब्राउझर (जीनोमची माहिती इंटरनेटवर पाहण्याचं साधन) एनआयएचच्या अनुदानावर वाढला. संशोधकांना तो मोफत आहे, पण त्याची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर बसवणाऱ्या कंपन्यांकडून परवाना शुल्क घेतात. रक्कम छोटी असली तरी कुणाच्या मर्जीवर नसते.

प्रश्न : परदेशी विद्यापीठाशी एमओयू (सामंजस्य करार) झाला. आता रक्ताचे नमुने पाठवायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. एमओयू हा इरादा झाला, परवानगी नव्हे. आधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता. मग परदेशी सहभाग असलेल्या आरोग्य संशोधनासाठी आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, जिचं काम आयसीएमआरमधून (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) चालतं. मग नमुना हस्तांतरणाचा वेगळा करार. संमतीपत्रात ‘नमुना परदेशी जाईल’ आणि ‘डेटा इतरांना मिळेल’ ही वाक्यं मराठीत, स्पष्ट हवीत. ती नसतील तर प्रत्येक सहभागी माणसाकडे पुन्हा जावं लागतं.

परदेशी पैसा घेत असाल तर एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) मधली २०२० ची दुरुस्ती बघा. मिळालेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे विद्यापीठाने पैसे घेऊन संलग्न महाविद्यालयाला वाटायचे, ही योजना कागदावरच राहते. देशी कंपनीचा सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) निधी त्या मानाने सोपा : २०१९ पासून सार्वजनिक निधीवरच्या विद्यापीठांचं विज्ञान-तंत्रज्ञान संशोधन त्याच्या यादीत आहे. फक्त कंपनीला वर्षअखेरीस खर्चाचा हिशेब लागतो, तेव्हा मार्चमध्ये धावपळ नको असेल तर खरेदीच्या निविदा ऑगस्टपर्यंत काढा.