दारातलं रडणं

"मॅडम, तो रोज रडतो. म्हणजे पाळणाघर चुकलंच ना माझं?" खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं विचारलं. बाळ ११ महिन्यांचं. कायद्यानं मिळणारी २६ आठवड्यांची रजा कधीच सरली होती. पुढे सासूबाईंनी सांभाळलं, मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी तिला विचारलं, "त्याला दिवसभर कोण घेतं?"

"मावश्या असतात."

"त्याची मावशी कोण?"

ती गप्प झाली. दोन महिन्यांत तीन मावश्या बदलल्या होत्या. पाळणाघर निवडलं होतं मोबाइलवर दिसणाऱ्या कॅमेऱ्यासाठी, आणि मीटिंगमध्येही ती टेबलाखाली तेच बघत बसायची.

आठव्या महिन्याच्या सुमारास बाळाला आपलं माणूस आणि परकं माणूस नीट कळू लागतं. आई दिसत नसली तरी कुठेतरी आहे हे उमगतं, पण ती परत येणार याची खात्री अजून नसते. म्हणून ते रडतं, आणि दीड वर्षापर्यंत हे रडणं जोरात असू शकतं. उत्तम पाळणाघराच्या दारातही मुलं रडतात. मी आयांना सांगते, ते किती वेळात थांबतं आणि कुणाच्या कडेवर थांबतं, ते बघा. तिच्या बाळाला तसं एक माणूसच मिळालं नव्हतं.

"आणि तुम्ही निघता कशा?"

"खेळण्यात गुंतवते आणि हळूच सटकते. त्याचं रडणं बघवत नाही हो."

बघवत नाहीच, कुणालाच. पण बाळ त्यातून एवढंच शिकतं की मान वळवली की आई नाहीशी होते. घरी ती बाथरूमला गेली तरी तो दाराशी आकांत करायचा, तो यामुळेच असावा.

तिच्या घराजवळ एक काकू दोन खोल्यांत सहा मुलं सांभाळायच्या, सोबत एकच मदतनीस, तीही जुनी. मी म्हटलं, न कळवता जेवणाच्या वेळी जा. न खाणाऱ्या मुलाशी काकू कशा बोलतात ते ऐका. लंगोट बदलल्यावर हात धुतात का, गॅलरीला जाळी आहे का, तुमच्याऐवजी दुसरं कुणी न्यायला आलं तर काय करतात, ते विचारा. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा ही अर्ध्या तासाची फेरी जास्त सांगून जाते.

तिच्या कंपनीत शेकडो माणसं. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं कायद्यानं बंधनकारक आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं विचारल्यावर सोय काही लगेच झाली नाही, पण आठवडाभर उशिरा यायची मुभा मिळाली. पहिले दोन दिवस ती काकूंकडे बाळाजवळ बसली, मग अर्धा तास बाहेर, मग दोन तास. रोज निघताना एकच वाक्य: "आई संध्याकाळी येते." मग मागे वळायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती आली. दारात तो अजून रडतो, पण "तुम्ही कोपऱ्यावर पोचेपर्यंत थांबतो," असं काकू म्हणाल्या होत्या.

"मग डोळे का भरलेत?"

"काल घ्यायला गेले, तर हसला माझ्याकडे बघून. आणि काकूंच्या मांडीवरून उठेचना."

मी पाण्याचा पेला पुढे केला. त्या दिवशी उरलेला वेळ आम्ही एवढ्याबद्दलच बोललो.