वर्डमध्ये बुलेटचं चिन्ह कसं बदलायचं, आणि क्रमांकापुढे ‘ण्’ का येतो?

भाऊ, तुम्ही कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं पत्रक वर्डमध्ये करताय. बुलेटच्या काळ्या टिंबाऐवजी दुसरं चिन्ह हवंय, दुसरी ओळ टिंबाच्या खाली घुसते, आणि क्रमांक दिले की आकड्यापुढे ‘ण्’ उमटतो, असं तुम्ही लिहिलंय. माझं दारव्हा तालुक्यातल्या एका गावात टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. खरिपात अशी पत्रकं हातून बरीच जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ‘ण्’चं बघू. तुम्ही कृतिदेवमध्ये टाइप करत असणार. हा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला संगणकात स्वतःचा वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा फाँट. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच दाबता, फाँट त्यांना मराठी रूप देतो. त्यात इंग्रजी पूर्णविरामाच्या जागी ण् बसवलेला आहे आणि बंद कंसाच्या जागी द्ध. वर्ड क्रमांकापुढे आपणहून पूर्णविराम टाकतो, तो कृतिदेवात गेला की ण् होतो. कंसाची पद्धत घेतली असती तर द्ध दिसला असता. तुमच्या टायपिंगमध्ये काही चुकलेलं नाही.

उपाय असा: नंबरिंगच्या बटणाशेजारचा छोटा बाण दाबा, ‘डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट’ उघडा, त्यातलं ‘फाँट’ बटण दाबून टाइम्स न्यू रोमनसारखा साधा इंग्रजी फाँट द्या. आता मजकूर कृतिदेवात राहील आणि क्रमांक वेगळ्या फाँटात. त्याच खिडकीत ‘नंबर स्टाइल’च्या यादीत १, २, ३ आणि अ, आ, इ हे प्रकारही असतात. दिसले नाहीत तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे हिंदी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. माझ्या दुकानातल्या संगणकावर तसंच करावं लागलं. मात्र मराठी आकडे निवडले तर फाँट मंगल किंवा निर्मलासारखा युनिकोडचा ठेवा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्यावर बाकी सगळं उभं आहे. बुलेट हे तुम्ही टाइप केलेलं अक्षर नाही, ते परिच्छेदाला चिकटलेलं असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबा. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी उलट्या पी सारखी एक खूण दिसेल. बुलेटचा आकार आणि रंग वेगळा ठरवून दिला नसेल, तर तो या खुणेवरून येतो. म्हणून कधी कधी पूर्ण ओळ निवडून ठळक केली की टिंबही जाड होतं, आणि खूण सोडून फक्त शब्द निवडले तर होत नाही. हे कळेपर्यंत मी कित्येक वर्षं एकेक टिंब खोडून पुन्हा टाकत होतो.

फक्त बुलेट बदलायचे असतील तर कुठल्याही एका बुलेटवर एकदा क्लिक करा, मजकुरावर नको. त्या यादीतले त्याच पातळीचे सगळे बुलेट राखाडी होतील. मग होम टॅबवरून रंग द्या, आकार वाढवा, मजकुराला धक्का लागणार नाही. चिन्ह बदलायला बुलेटच्या बटणाचा बाण, ‘डिफाइन न्यू बुलेट’ आणि ‘सिम्बॉल’. तिथे विंगडिंग्ज फाँटमध्ये चौकोन, बाण, बरोबरची खूण, हाताचं बोट, सगळं आहे. ‘पिक्चर’मधून चित्रही लावता येतं, पण पत्रकात लावू नका. बुलेटच्या मापाला चित्र इतकं बारीक होतं की झेरॉक्सवर नुसता डाग दिसतो. पोकळ गोलसुद्धा टाळा, तिसऱ्या प्रतीपर्यंत तो भरून जातो. भरीव चौकोन सगळ्यात चांगला टिकतो. पत्रक कृषी केंद्राच्या भिंतीवर लागणार, तिथे उभ्याने, चष्मा घरी विसरलेला माणूस वाचणार. बियाण्याची पिशवी खांद्यावर असताना त्याची नजर आधी त्या चौकोनावरच जाते.

माझं झालेलं नुकसान सांगतो. एका पत्रकाला मी शोभेच्या फाँटातलं पान बुलेट म्हणून लावलं. माझ्या पडद्यावर सुरेख दिसलं. तालुक्याला छपाईला वर्डची फाइलच दिली, आणि तिथल्या संगणकावर तो फाँट नव्हता. प्रत्येक ओळीपुढे पानाऐवजी इंग्रजी अक्षर छापून आलं. पाचशे प्रती, पैसे माझेच गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे पत्रक आठ दिवस उशिरा गेलं. फुलोऱ्याच्या काळात आठ दिवस म्हणजे डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्यानं नीट न उमलता मिटून राहिलेली फुलं, तोडायची वेळ हातची जाणं.

दुसरी ओळ टिंबाखाली जाते, कारण जागा स्पेसबारने पाडलेली असते. ते सगळे स्पेस काढा. बुलेटवर उजवी क्लिक करून ‘अ‍ॅडजस्ट लिस्ट इंडेंट्स’ उघडा. ‘बुलेट पोझिशन’ म्हणजे टिंब कुठे बसेल, ‘टेक्स्ट इंडेंट’ म्हणजे मजकुराच्या पुढच्या ओळी कुठून सुरू होतील. वर्ड साधारण ०.६३ आणि १.२७ सेंटिमीटर ठेवतो. मी पत्रकाला ० आणि ०.६ ठेवतो, कागदाची रुंदी वाचते. ‘फॉलो नंबर विथ’मध्ये टॅबच असू द्या. एकाच मुद्द्यात नवी ओळ हवी आणि नवं टिंब नको असेल, तर शिफ्ट धरून एंटर दाबा.

तुमच्या पत्रकाला दोन पातळ्या लागतील. वर ‘फुलोऱ्यात काय पाहावं’, त्याखाली ‘डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा’, ‘हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा’, ‘सापळ्यात सलग तीन दिवस रोज ८ पतंग आले तर फवारणीचा निर्णय घ्या’. (कामगंध सापळा म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढून पकडणारा सापळा.) खालच्या मुद्द्याच्या सुरुवातीला कर्सर ठेवून टॅब दाबला की तो एक पायरी आत जातो, शिफ्ट आणि टॅबने बाहेर येतो. अशा नऊ पातळ्या मिळतात, पण पत्रकात दोनच्या पुढे जाऊ नका. शेवटी ‘फरदड घेऊ नका’ ही ओळ मात्र कुणाच्या पोटात घालू नका, वरच्याच पातळीवर एकटी राहू द्या. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी ठेवून घेतलेलं जादा पीक. त्यासाठी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी राहिली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं, आणि नेमकं हेच वाचायचं राहून जातं.

एकदा रूप मनासारखं जमलं की स्टाइल्समध्ये ‘लिस्ट बुलेट’वर उजवी क्लिक करून ‘अपडेट टू मॅच सिलेक्शन’ दाबा. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एल दाबलं की तेच चिन्ह, तेच अंतर येतं.

लिबरऑफिस वापरत असाल तर एफ१२ने क्रमांक आणि शिफ्ट धरून एफ१२ने बुलेट लागतात. ‘बुलेट्स अँड नंबरिंग’च्या खिडकीत ‘पोझिशन’मध्ये अंतर आणि ‘कस्टमाइझ’मध्ये चिन्ह. रंग तिथल्या कॅरेक्टर स्टाइलवरून बदलावा लागतो.

छपाईला देताना वर्डची फाइल देऊ नका, ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ करून द्या. पाचशे प्रती काढण्याआधी एक प्रत काढा, भिंतीला लावा, चार पावलं मागे या आणि घरातल्या मोठ्यांना वाचायला लावा.