युरिया सेंद्रिय की नाही? आजोबा आणि नात, दोघंही बरोबर

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "मुलगी यंदा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गेली, विषय बायोलॉजी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या नोट्स ती शेजारी मराठीत लिहून ठेवते. त्यात तिने लिहिलंय, 'युरिया हे सेंद्रिय संयुग आहे'. सुट्टीत गावी गेल्यावर हे आजोबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, अगं पोरी, कायतरी चुकलंय, सेंद्रिय करायचं म्हणून तर आपण युरियाची गोणी आणायची बंद केली. मग बरोबर कोण? आणि सेंद्रिय हा शब्द नेमका आला कुठून?"

वाचून खूप आनंद झाला, कारण या एका शब्दात दोन वेगवेगळे इतिहास येऊन बसलेत आणि आपण दोन्हीकडे तोच शब्द वापरतो. दोघंही बरोबर आहेत. पण नुसतं तेवढं सांगून भागणार नाही, कारण मुलीला पुढे तीन वर्षं याच शब्दासोबत काढायचीत.

आधी शब्द फोडून बघू. स + इंद्रिय = सेंद्रिय, महा + इंद्र = महेंद्र होतं तसाच गुणसंधी. अर्थ सरळ आहे, इंद्रियं असलेलं. ज्याला इंद्रियं नाहीत ते निरिंद्रिय. आता हा शब्द कुणीतरी इंग्रजीवरून टेबलावर बसून पाडला असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं, पण तसं नाहीये. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहे: 'सेन्द्रियं चेतनं द्रव्यं निरिन्द्रियमचेतनम्'. म्हणजे इंद्रियं असलेलं द्रव्य ते चेतन, नसलेलं ते अचेतन. द्रव्यांची अशी दोन घरं आपल्याकडे आधीच पाडून ठेवलेली होती, शब्दांसकट.

तिकडे युरोपात काय झालं ते बघा. ऑर्गन हा शब्द ग्रीक, मूळ अर्थ हत्यार किंवा साधन, त्यावरून शरीराचं साधन म्हणजे अवयव, इंद्रिय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १८०६-०७ च्या सुमारास, स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी अवयवधारी जीवांच्या शरीरातून मिळणाऱ्या पदार्थांचं रसायनशास्त्र ते ऑरगॅनिक आणि दगड-खनिजांचं ते इनऑरगॅनिक अशी विभागणी रूढ केली. त्या काळी पक्की समजूत होती की साखर, तेल, युरिया असले पदार्थ बनायला जिवंत शरीरातली एक खास जीवशक्ती लागते, भट्टीत किंवा काचेच्या भांड्यात ते बनणारच नाहीत. म्हणजे चरकांची विभागणी आणि बर्झेलियस यांची विभागणी जवळजवळ एकाच रेषेवर पडते, आणि म्हणून मराठीत ऑरगॅनिकला सेंद्रिय म्हटलं तेव्हा ते नुसतं भाषांतर नव्हतं, जोडा अगदी बरोबर बसला होता. त्या वेळेपुरता तरी.

कारण १८२८ साली गडबड झाली आणि ती नेमकी युरियानेच केली! बर्झेलियस यांच्याच हाताखाली शिकून गेलेले फ्रेडरिक व्होलर बर्लिनला होते, त्यांना अमोनियम सायनेट नावाचा एक क्षार बनवायचा होता, निरिंद्रिय घरातला. हाती आले ते पांढरे स्फटिक, पण ते अमोनियम सायनेटसारखे वागेनात, आणि तपासल्यावर कळलं की हा तर लघवीतून मिळतो तोच युरिया. त्यांनी बर्झेलियस यांना पत्रात कळवलं की मला मूत्रपिंडाशिवाय युरिया बनवता येतो, ना माणसाचं लागलं ना कुत्र्याचं. जीवशक्तीची कल्पना काही त्याच दिवशी मेली नाही, लोक अजून बरीच वर्षं तिला धरून होते, पण भिंतीला भगदाड पडलं ते इथे. आणि अणू बघाल तर दोन्हीकडे तेच, कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २, हायड्रोजन ४, फक्त मांडणी वेगळी. त्याच अक्षरांचे दोन शब्द व्हावेत तसं, रस आणि सर म्हणा हवं तर, अक्षरं दोनच, क्रम फिरला की अर्थ फिरला. असे समघटक तिला पुढे डझनभर भेटतील.

यानंतर हळूहळू व्याख्याच बदलली. पदार्थ आला कुठून हे विचारायचं सोडून तो बनलाय कशाचा हे विचारायला लागले आणि सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं असा अर्थ ठरला. पण नाव जुनंच राहिलं! इंग्रजीतही राहिलं, मराठीतही राहिलं. म्हणून कॉलेजातल्या सेंद्रियचा जिवंतपणाशी संबंध आता फक्त आडनावापुरता उरलाय, प्लास्टिकची पिशवी सेंद्रिय, रॉकेल सेंद्रिय, शेतकरी ज्यापासून चार हात लांब राहतो ती बहुतेक कीटकनाशकंसुद्धा सेंद्रियच. हिंदीवाल्यांनी इथे शहाणपण केलं, ते कार्बनिक रसायन म्हणतात आणि शेतीला जैविक खेती. आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही धड्याचं नाव 'कार्बनी संयुगे' असं आहे, मला ते फार आवडलं. माझं स्पष्ट मत आहे की रसायनात कार्बनी म्हणावं आणि सेंद्रिय हा शब्द शेतीला सोडून द्यावा. पण रूढ झालेलं असं एका माणसाच्या मताने हलत नाही, तेव्हा मुलीने दोन्ही शब्द ओळखीचे ठेवावेत.

आता आजोबांकडे येऊ. शेतीतलं ऑरगॅनिक हे या कार्बनवाल्या ऑरगॅनिकचं पोर नाहीच आहे. ते आलं १९४० मध्ये, इंग्लंडच्या लॉर्ड नॉर्थबोर्न यांच्या लिखाणातून, आणि त्यांचं म्हणणं होतं की शेत हे एक अख्खं सजीव आहे, ऑरगॅनिझम आहे, माती, पिकं, जनावरं, माणसं हे त्याचे अवयव. म्हणजे इथे जोर परत इंद्रियांवर, जिवंतपणावर. गंमत बघा, रसायनाने जो मूळ अर्थ टाकून दिला तोच शेतीने उचलून डोक्यावर घेतला. म्हणून सेंद्रिय शेतीत प्रश्न कार्बन आहे का हा नसतोच, पदार्थ कसा आला हा असतो. युरिया कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनतो म्हणून तो बाद, त्यात कार्बन असला तरी. आणि उलट बाजूला द्राक्षवाले बागेवर मारतात ते बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना, यात कार्बनी असं काहीच नाही, रसायनाच्या वहीत ते शुद्ध निरिंद्रिय, तरी सेंद्रिय शेतीत काही मर्यादा घालून ते चालतं. गंधकाचंही तसंच. एकाच्या यादीत जे आत ते दुसऱ्याच्या यादीत बाहेर.

त्यात अजून एक गुंता म्हणजे गावात सेंद्रियच्या विरुद्धार्थी शब्द निरिंद्रिय नाहीच, रासायनिक आहे. सेंद्रिय खत की रासायनिक खत असंच विचारतात ना दुकानात? आणि तीच पोरगी कॉलेजात जाते तर विषयाचं नावच 'सेंद्रिय रसायन', म्हणजे गावाकडचे दोन विरुद्ध शब्द एकाला एक चिकटवून! तिचा गोंधळ झाला नसता तरच नवल. शिवाय जैविक खत हे तिसरंच प्रकरण, ते म्हणजे रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर असली जिवाणूंची पाकिटं, शेणखत नव्हे.

शुद्धलेखनाचं एक इथेच सांगून टाकतो कारण पाट्यांवर रोज दिसतं. सेंद्रिय, दुसरी वेलांटी नाही, पहिली. केंद्रीय, राष्ट्रीय यांच्या ओघात लोक सेंद्रीय लिहितात, पण तिकडे ईय हा प्रत्यय आहे म्हणून दीर्घ, इकडे मूळ शब्दच इंद्रिय. आणि असेंद्रिय लिहावं की निरिंद्रिय, तर दोन्ही चालतं, पुस्तकांत दोन्ही सापडेल, मला मात्र आधी स लावायचा आणि मग त्याच्या मागे अ लावून तो काढायचा हे खटकतं, सरळ निरिंद्रिय म्हणावं.

प्रश्नात नाही पण मुलगी बायोची आहे म्हणून अजून एक शब्द, कर्बोदक. कार्बोहायड्रेटचं इतकं नेमकं मराठी क्वचितच झालं असेल. कर्ब म्हणजे कार्बन, उदक म्हणजे पाणी. ग्लुकोजमध्ये कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू, म्हणजे हिशेबाला ६ कार्बन आणि ६ पाणी. घरी करून बघण्यासारखं आहे, जुना स्टीलचा चमचा घ्या, त्यात चिमूटभर साखर, गॅसवर धरा (पक्कडीत, हात भाजतो). आधी वितळते, मग पिवळी, तांबडी, मग फसफसून वर येते आणि शेवटी काळा कोळसा उरतो. ती वर येत असताना वाफेवर थंड ताटली आडवी धरली तर तिच्यावर दमट थर जमतो. तो उदक, चमच्यातला तो कर्ब. शब्द डोळ्यांसमोर फुटतो, मला तर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. अर्थात साखरेत पाणी पाणी म्हणून भरलेलं नसतं, अणू वेगळे जोडलेले असतात, उष्णतेने त्यांचं पाणी बनून निघून जातं. आणि हिशेब सगळीकडे जुळतोच असंही नाही, डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोज साखरेत एक ऑक्सिजन कमी असतो, ती कर्बोदकच. उलट व्हिनेगरमधल्या अॅसिटिक आम्लात २ कार्बन आणि २ पाणी असा हिशेब तंतोतंत बसतो तरी त्याला कुणी कर्बोदक म्हणत नाही. नाव सूत्रावरून पडलं, ओळख मात्र अणू कसे जोडलेत यावरून होते, आणि जोडणीची ही ओळख ज्या ठरावीक अणूगटांवरून पटते त्यांना मराठीत क्रियात्मक गट म्हणतात. बायोच्या मुलांनी कार्बनीमधलं दुसरं काही विसरलं तरी चालेल, हे गट विसरू नयेत. कार्बनला चार हात, तो एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करतो, एवढा सांगाडा, पण वागणूक ठरते ती साखळीला कुठे काय लोंबतंय त्यावर. अमिनो आम्लाच्या एका टोकाला अमिनो गट, दुसऱ्याला आम्लाचा गट, एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीला लागतं, मधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, असं शेकड्यांनी जोडत गेलं की प्रथिन. खाल्लेलं प्रथिन पचतं तेव्हा तेच पाणी परत घालून साखळी तुटते, त्या क्रियेला जल-अपघटन म्हणतात आणि ते घडवणाऱ्याला विकर. प्रथिन म्हटलं की प्रथम आठवतं ना, प्रोटीनचंही ग्रीक मूळ 'पहिल्या मानाचा' असंच आहे, १८३८ मध्ये ते नावही बर्झेलियस यांनीच सुचवलं.

प्रथिनातला नायट्रोजन शरीराला नकोसा झाला की यकृत त्याचा युरिया करतं, मोठ्या माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया जातो. गोमूत्रातही युरिया असतोच. आजोबा आता जीवामृतात गोमूत्र घालत असतील तर त्यातला युरिया आणि गोणीतला युरिया, रेणू म्हणून, तसूभरही वेगळे नाहीत, दोन्ही मातीत पडले की जिवाणूंचं युरियेज नावाचं विकर त्यांचा अमोनियाच करतं. फरक आहे तो किती पडतो, एकदम पडतो का, आणि सोबत काय पडतं याचा. गोणीतल्या युरियात ४६ टक्के नायट्रोजन आणि बाकी मातीला खायला काही नाही, त्यामुळे आजोबांचा निर्णय शेतकरी म्हणून विचार करूनच घेतलेला आहे, तो नातीच्या वहीने खोटा ठरत नाही.

आता शेवटचं, आणि हे दोघांनी मिळून बघा. आजोबांनी कधी माती तपासून आणली असेल तर तो कागद काढा. वर सामू असेल, म्हणजे ज्याला मुलगी पीएच म्हणते तो (सामू हा मला मराठीतल्या सगळ्यात सुटसुटीत शब्दांपैकी एक वाटतो), मग क्षारता, आणि खाली एक ओळ असेल 'सेंद्रिय कर्ब', टक्क्यांत. ०.५ च्या खाली असेल तर कमी धरतात. हा आहे शेणखत, पालापाचोळा, मेलेली मुळं, जिवाणू यांच्यातला कार्बन, म्हणजे कार्बनीही आणि जिवंत शरीरातून आलेलाही. काळ्या रानाचा अहवाल असेल तर बहुतेक वेळा आणखी एक ओळ मिळेल, 'मुक्त चुना' किंवा 'चुनखडी'. त्या चुनखडीतही कार्बन आहे, पण तो सेंद्रिय कर्बात मोजत नाहीत, प्रयोगशाळेतली तपासणीच अशी असते की पालापाचोळ्याचा कार्बन तिच्यात पकडला जातो आणि चुनखडीचा सुटतो. रसायनाच्या वहीतही चुनखडी, खाण्याचा सोडा, कार्बन डायऑक्साइड हे कार्बन असूनही निरिंद्रियच्याच बाजूला असतात. तेव्हा नातीने सेंद्रिय कर्बाच्या ओळीवर बोट ठेवून आजोबांना विचारावं हे सेंद्रिय का, आणि आजोबांनी चुनखडीच्या ओळीवर ठेवून तिला विचारावं हे का नाही.