दोन एसी, तरी दुपारी उकाडा

प्रश्न : सात रस्त्याजवळ दुसऱ्या मजल्यावर आमचं करसल्लागाराचं ऑफिस आहे. अकरा जण बसतो. दीड टनाचे दोन स्प्लिट एसी आहेत, दोन्ही 18 वर. कोंदट वाटायचं म्हणून 12 इंची एक्झॉस्ट फॅन बसवला, तो दिवसभर चालू असतो. तरी मे महिन्यात तीन वाजले की उकडतंच. तिसरा एसी घ्यावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : थांबा, एवढ्यात घेऊ नका. तिसराही त्या फॅनच्याच पोटात जाईल.

फॅन जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच दाराखालून, खिडक्यांच्या फटींतून आत शिरते, आणि आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ती 42 अंशांची असते. एवढा फॅन तासाला हजार घनमीटर हवा सहज ओढतो. ती 26 अंशांवर आणायलाच जवळपास दीड टन खर्ची पडतो. म्हणजे तुमचा एक अख्खा एसी फॅनसाठी राबतोय. खात्री करायची तर बंद दाराच्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर वर न जाता आडवा होऊन आत पळेल.

म्हणून फॅन काढूनही टाकू नका. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. अकरा माणसांना तासाला साडेतीनशे घनमीटर पुरते. टायमर लावून दर तासाला 20 मिनिटं फॅन चालवा. हवा जिन्याकडून येऊ द्या, पश्चिमेच्या खिडकीतून नको. सकाळी आठला झाडलोट होते तेव्हा मात्र सगळं उघडा, रात्रीचा कोंडलेला उकाडा निघून जातो.

18 वर ठेवून खोली लवकर गार होते, हा समज सोडा. तिथवर ती पोचतच नाही, आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. 25 ठेवा, सोबत छताचा पंखा. एका अंशामागे साधारण 6 टक्के वीज वाचते.

आणखी एक. तापमान मोजणारा सेन्सर इनडोअर युनिटमध्येच असतो. एका ऑफिसात झेरॉक्स मशीन नेमकं त्याच्याखाली होतं. मशीनची गरम वाफ सेन्सरला लागायची, एसी थांबायचाच नाही. समोरच्या टेबलावरच्या ताई सोलापुरी चादर पांघरून काम करत होत्या! मशीन पलीकडच्या भिंतीला नेलं, दुसऱ्या दिवशी चादर घरी गेली.

टायमर लावून आठ दिवस बघा. तरी उकडलं तर आउटडोअर युनिट कुठे बसवलंय त्याचा फोटो पाठवा.