परसातले घर आणि जोडणीची एकरकमी फी

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहतो. आईला कायमचे इकडे आणायचे ठरले असून तिच्यासाठी परसात साधारण 700 चौरस फुटांचे स्वतंत्र घर बांधण्याचा विचार आहे. 750 चौरस फुटांखालच्या घराला फी पडत नाही, असे कंत्राटदाराने सांगितले होते; प्रत्यक्षात पाणी आणि सांडपाणी या दोन्हींसाठी वेगवेगळी एकरकमी फी मागितली जात आहे. पाण्याचे बिल आम्ही नियमित भरतोच. मग ही फी कशाची, आणि ती टळेल का?
— एक वाचक

उत्तर : कंत्राटदाराने सांगितले ते अर्धेच खरे आहे. 1 जानेवारी 2020 पासून 750 चौरस फुटांखालच्या दुय्यम घरावर (इकडच्या भाषेत एडीयू) ‘इम्पॅक्ट फी’ (नव्या बांधकामाचा सार्वजनिक सुविधांवर पडणारा भार भरून काढण्यासाठीची फी) लावता येत नाही. मात्र पाणी व सांडपाण्याच्या जोडणीची फी आणि कपॅसिटी चार्ज (यंत्रणेच्या क्षमतेतल्या वाट्याची रक्कम) हे त्याच कायद्याने इम्पॅक्ट फीच्या व्याख्येतून वगळले आहेत. शिवाय फ्रीमाँटमध्ये पाणी अलामेडा काउंटी वॉटर डिस्ट्रिक्ट पुरवते आणि सांडपाणी युनियन सॅनिटरी डिस्ट्रिक्ट वाहून नेते. या दोन्ही संस्था नगरपालिकेपासून स्वतंत्र आहेत, म्हणून मागण्याही दोन आल्या.

मासिक वा द्वैमासिक बिलातून तुम्ही वापराचे पैसे देता. एकरकमी फीचे दोन भाग असू शकतात : एक, रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपासून तुमच्या हद्दीपर्यंतची नळी, मीटर आणि खोदाई, दुसरा, आधीच्या ग्राहकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शुद्धीकरण केंद्रांत, टाक्यांत आणि वाहिन्यांत नव्या घराने उचललेला वाटा. 1978 च्या ‘प्रपोझिशन 13’ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्क्यावर बांधून टाकल्यापासून नव्या बांधकामाचा भार नव्या बांधकामानेच उचलावा, ही पद्धत कॅलिफोर्नियात अधिकच रुजली. आपल्याकडे फ्लॅट घेताना असा खर्च बिल्डरच्या हिशेबात मुरलेला असतो किंवा करारनाम्यात पाणी-वीज जोडणीच्या एका ओळीत उरकलेला असतो, त्यामुळे तो इतका डोळ्यांत भरत नाही.

फी किती असावी, यावर मात्र बंधन आहे. सेवा देण्याच्या वाजवी अंदाजित खर्चापेक्षा जास्त रक्कम आकारायची असेल, तर राज्याच्या गव्हर्नमेंट कोड या कायद्याच्या कलम 66013 प्रमाणे दोन-तृतीयांश मतदारांची मंजुरी लागते. एडीयूसाठी तर ही फी घराच्या क्षेत्रफळाच्या किंवा सांडपाण्याच्या ‘फिक्स्चर युनिट’च्या (शौचकूप, सिंक अशा प्रत्येक साधनाचा सांडपाण्याचा भार मोजण्याचे एकक) प्रमाणातच असावी लागते. मोठ्या घराइतकी सरसकट फी लावली असेल, तर तिथेच हरकत घ्यावी.

फिक्स्चर युनिटचा हिशेब नकाशा समोर ठेवून घरबसल्या करता येतो. युनिफॉर्म प्लंबिंग कोडनुसार नेहमीच्या टाकीच्या शौचकूपाला 3, बेसिनला 1, शॉवरला 2, स्वयंपाकघरातल्या सिंकला 2 आणि कपडे धुण्याच्या यंत्राला 3 असे एकूण 11 युनिट होतात. पाहुण्यांसाठी म्हणून दुसरी न्हाणी काढली की आणखी 6 वाढतात (आणि पाहुणे वर्षातून किती दिवस येतात, हे तुम्हालाच ठाऊक). यंत्र मुख्य घरातच ठेवले, तर 3 कमी होतात.

फी पूर्णपणे टाळण्याचा मार्ग एकच दिसतो. सध्याच्या घराचा भाग किंवा आधीपासून उभे असलेले गॅरेज यांचे रूपांतर करून एडीयू केले, तर स्वतंत्र जोडणीची सक्ती करता येत नाही आणि तिच्याशी निगडित फीही लावता येत नाही. आईसाठी मोकळे, उजेडाचे घर हवे असेल, तर केवळ फीपायी गॅरेजचा पर्याय स्वीकारावा असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही आराखड्यांचा खर्च शेजारी-शेजारी मांडून पाहावा.

पैसे भरण्यापूर्वी दोन्ही संस्थांकडून लेखी तपशील घ्या आणि त्यात मीटरचा आकार पाहा. आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरमुळे मोठा मीटर सुचवला जातो आणि त्याने फी वाढू शकते. मुख्य घराला स्प्रिंकलरची सक्ती नसेल, तर एडीयूलाही ती करता येत नाही.